टाचेची कंडरा शिवताना कोणता टाका किती भार पेलतो?

धागाकर्ता : किनारी अस्थिवैद्य

नमस्कार. मी मालवण परिसरात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. गेल्या आठवड्यात रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढताना टाचेची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा, तुटलेला एक पस्तिशीचा रापणकर आमच्याकडे आला. ओल्या वाळूत चवडा रोवून आणि गुडघा ताठ ठेवून त्याने दोराला जोर लावला, तेव्हा मागून कुणी पोटरीवर काठी हाणल्यासारखे त्याला वाटले; वळून पाहिले तर मागचा माणूस चार हात लांब होता. पालथे झोपवून पोटरी दाबली असता दुसरे पाऊल हलत होते, हे हलत नव्हते. टाचेच्या हाडापासून साधारण चार सेंटिमीटर वर बोट आत जाईल असा खड्डा लागत होता. हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटरच्या ज्या पट्ट्यात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यातच बहुतेक कंडरा तुटतात, तशीच ही तुटली होती.

शस्त्रक्रिया करायची असे त्याच्याशी बोलून ठरले. आता टाका कोणता घालावा, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. येथे डॉक्टरांखेरीज इतर व्यवसायांतले सदस्यही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला मनापासून ऐकायचे आहे, म्हणून मूळ गोष्टी आधी सांगतो.

केसलर पद्धतीत धागा कंडरेच्या आतून चौकटीसारखा फिरतो आणि कोपऱ्यांपाशी पकड घेतो. बनेल पद्धतीत तो बुटाच्या नाडीसारखा तिरपा, एकमेकांना छेदत जातो. क्रॅको पद्धत १९८६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कंडरेच्या कडेने एकामागून एक फासे घेत जातात, आणि प्रत्येक फासा तंतूंच्या एका जुडग्याला अशा तऱ्हेने वेढतो की धागा ओढला की पकड आणखी घट्ट होते. मानवी शवांच्या कंडरांवर केलेल्या एका तुलनेचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात केसलर सरासरी ८५ न्यूटनला, बनेल ९३ न्यूटनला आणि क्रॅको १४७ न्यूटनला तुटले. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचे वजन, असा हिशेब धरावा. पुढे २००० साली धाग्यांचे तीन जुडगे वापरणाऱ्या पद्धतीची क्रॅकोशी तुलना झाली, तेव्हा आकडे ४५३ आणि १६१ न्यूटन असे आले. २००९ साली क्रॅकोचाच एक सुधारित प्रकार पुढे आला. त्यात गाठी तुटलेल्या जागेवर न मारता तिथून दूर, निरोगी कंडरेवर मारतात; भेटवस्तूच्या खोक्याला फीत बांधावी तसा तो दिसतो, म्हणून त्याला गिफ्टबॉक्स म्हणतात. त्याचा आकडा १६८ न्यूटन आला, आणि त्याच प्रयोगात साध्या क्रॅकोचा ८१.

माझी अडचण नेमकी येथे सुरू होते. क्रॅको या एकाच टाक्याला एका प्रयोगशाळेत १४७, दुसरीत १६१ आणि तिसरीत ८१ न्यूटन मिळतात. मग ४५३ आणि १६८ हे आकडे शेजारी ठेवून पहिली पद्धत दुसरीच्या पावणेतीनपट बळकट आहे असे म्हणता येईल का? माझ्या मते मुळीच येत नाही. एकाच प्रयोगातल्या दोन आकड्यांचे गुणोत्तर तेवढे विश्वासार्ह मानावे. प्रयोगाबाहेर नेला की आकडा एकटा पडतो. तरीही परिषदांतील भाषणांत आणि कंपन्यांच्या पत्रकांत हे सारे आकडे एका ओळीत मांडलेले दिसतात, आणि तरुण सहकारी त्यांवरून टाका ठरवतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

---

प्रतिसाद : वल्हे आणि सुकाणू

डॉक्टर, मी रत्नागिरीजवळ नौकाबांधणीच्या कामात यांत्रिकी अभियंता आहे. दोर, साखळ्या आणि त्यांच्या जोडांची ताणचाचणी हा माझ्या कामाचा भाग असल्यामुळे तुमची अडचण लगेच ओळखीची वाटली.

जोडाची ताकद सांगताना आम्ही चार गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जात नाही. नमुना कसा पकडला होता, भार किती वेगाने वाढवला, तो एकदाच दिला की पुन्हा पुन्हा, आणि तुटले ते नेमके काय. कंडरा ओली आणि निसरडी असते, त्यामुळे यंत्राच्या जबड्यातून ती थोडी जरी सरकली तरी ते सरकणे जोडाच्या खात्यावर जमा होईल. धाग्याची जाडी निराळी असली तर तुम्ही टाक्याची तुलना न करता धाग्यांची तुलना करता. जोडाच्या फटीतून किती पदर पलीकडे जातात, हे तर सर्वांत आधी मोजले पाहिजे. दोन पदरांचा जोड आणि सहा पदरांचा जोड यांतला फरक विणीमुळे आहे की निव्वळ पदरांच्या संख्येमुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. तुम्ही दिलेल्या ४५३ आणि १६१ या आकड्यांकडे मी सर्वप्रथम याच नजरेने पाहीन.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोर बहुधा गाठीपाशी तुटतो, कारण गाठीत तो तीव्र वळतो आणि स्वतःवरच घासतो. तुमच्या प्रयोगांत जर धागाच गाठीशी तुटत असेल, तर कंडरेवरची पकड कितीही वाढवली तरी आकडा वाढायचा नाही. जाड धागा किंवा जास्त पदर घ्यावे लागतील. उलट धागा शाबूत राहून कंडरेतून चिरत बाहेर येत असेल, तर आणखी बळकट धागा आणून काहीच साधणार नाही, पकड सुधारावी लागेल. म्हणजे एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळे दोष असू शकतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

आणखी एक. एकदाच ओढून तोडण्याच्या चाचणीवर आम्ही नौकेचा जोड पास करत नाही. धक्क्याला बांधलेली होडी लाटेबरोबर दिवसभर दोराला हलके हलके हिसके देत राहते, आणि जोड ढिला होतो तो त्या हिसक्यांनी. तुमच्या रुग्णाची कंडराही एका झटक्यात तुटण्याआधी थोडी थोडी लांबत जाईल, असे मला वाटते. तसे प्रयोग झाले आहेत का?

---

प्रतिसाद : किनारी अस्थिवैद्य

तुमच्या चौथ्या प्रश्नाने मोठे काम केले. क्रॅको टाक्यात फासे वाढवावेत की धागे, याची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली आहे. दोन फाशांपेक्षा जास्त फासे घेतल्याने ताकदीत लक्षणीय भर पडली नाही; दुसरा धागा घातल्याने मात्र पडली. तुम्ही प्रयोग न पाहता त्याचे कारण सांगितलेत.

पुन्हा पुन्हा भार देण्याचे प्रयोगही झाले आहेत, आणि माझ्या मते खरे उत्तर तेथेच सापडते. त्या प्रयोगांत पुनर्वसनाच्या टप्प्यांनुसार भार वाढवत नेतात. पाऊल दुसऱ्याने हलक्या हाताने हलवले तर सुमारे १०० न्यूटन, घोटा स्थिर ठेवणाऱ्या वैद्यकीय बुटात टाचेखाली एक इंचाचा उंचवटा ठेवून चालले तर सुमारे १९०, आणि उंचवटा काढून त्याच बुटात चालले तर सुमारे ३७० न्यूटन, असे टप्पे धरले जातात. या प्रयोगांत दोन टोकांमध्ये पाच मिलिमीटरची फट पडली की जोड निकामी झाला असे पुष्कळदा मानतात, मग धागा तुटलेला असो वा नसो. वर मी लिहिलेला १४७ चा आकडा आता पुन्हा पाहावा. उंचवट्यासह बुटात चालण्याइतकाही तो नाही.

निरोगी माणसाच्या कंडरेवरचा भार तर वेगळ्याच मापाचा आहे. संथ चालताना सुमारे २६०० न्यूटन आणि धावताना ९००० न्यूटनपर्यंत, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साडेबारापट, असे प्रत्यक्ष मोजमाप १९९२ साली प्रसिद्ध झालेले आहे. या भाराच्या जवळपास जाणारा टाका नाही. कंडरा भरून येईपर्यंत दोन टोके जागेवर धरून ठेवणे एवढेच टाक्याचे काम आहे.

क्रॅकोचा एक दोष मी स्वतः हाताखाली पाहिला आहे. प्रत्येक फासा घेतल्यावर धागा ओढून त्यातला ढिलेपणा काढून टाकावा लागतो. घाईत तो तसाच राहिला, तर टेबलावर जोड सुबक दिसतो, पण पहिल्या काही हेलकाव्यांत सगळे फासे आवळले जातात आणि तेवढी लांबी फटीत उतरते. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका रुग्णात असे झाले असावे. जखम उत्तम भरली, पुन्हा तुटणे वगैरे काही झाले नाही. पण वर्षभरानंतरही त्याला त्या एका पायाच्या चवड्यावर पूर्ण उभे राहता येत नव्हते. कंडरा लांब राहिली होती. ताकदीच्या कोणत्याही तक्त्यात ती शस्त्रक्रिया यशस्वी ठरली असती.

---

प्रतिसाद : रापणीचा दोर

डॉक्टर, मी पिढीजात रापणकर आहे आणि गेली तीस वर्षे जाळी सांधतो. शरीराचे मला काही कळत नाही, पण फाटलेले जाळे सांधताना आम्ही फाटक्या कडेच्या आसांत (जाळ्याच्या घरांत) गाठ कधीच मारत नाही. फाटलेल्या कडेचे सूत झिजलेले असते, म्हणून दोन-तीन आस मागे, जिथे सूत टणक लागते तिथे जाऊन सुरुवात करतो. तुम्ही गाठी दूर, निरोगी जागी मारण्याचे लिहिले आहे, ते याच कारणासाठी का? आणि तुटलेली शीर आतून दिसते तरी कशी?

---

प्रतिसाद : किनारी अस्थिवैद्य

काका, अगदी त्याच कारणासाठी. तुटलेले टोक जुन्या खराट्यासारखे दिसते. माडाचे हीर सुटे होऊन एकमेकांवरून सरकतात, तसे तंतू लोंबत असतात. खराट्याच्या सुट्या टोकाकडून सुतळी उभी आत घातली आणि ओढली, तर ती हिरांच्या मधून सरळ निसटून येईल. तीच सुतळी बांध असलेल्या बाजूला आडवी फिरवून आवळली, तर खराटा हातात येईल पण सुतळी सुटणार नाही. केसलर आणि क्रॅको यांतला फरक तेवढाच आहे. म्हणून मी टाका तुटलेल्या टोकापासून निदान अडीच-तीन सेंटिमीटर मागे, जिथे कंडरा पांढरी, चकचकीत आणि घट्ट लागते, तिथे सुरू करतो. गाठ फटीत न ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. जाड धाग्याच्या पाच-सहा वेढ्यांचा गोळा नेमका तिथेच बसला, तर जिथे नवे तंतू जुळायचे तिथेच परकी वस्तू अडून राहते.

येथे प्रयोगशाळेची आणखी एक मर्यादा सांगावीशी वाटते. शवाची निरोगी कंडरा सुरीने सरळ कापून मग शिवतात. असा खराटा त्यांच्यापुढे नसतोच. काही प्रयोग तर डुकराच्या किंवा गाईबैलांच्या कंडरांवर झालेले असतात.

---

प्रतिसाद : सुरंगीचा गजरा

मी दापोलीकडे भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. टाका कोणताही असो, दोन आठवड्यांनी तो माझ्या ताब्यात येतो, म्हणून चार गोष्टी लिहिते.

पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत पहिले दोन आठवडे, मग बुटात टाचेखाली उंचवटे ठेवून हळूहळू वजन देणे, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास उंचवटे एकेक करून कमी करणे, हा क्रम आता बहुतेक ठिकाणी पाळला जातो. त्यात पाऊल काटकोनाच्या वर उचलायचे नाही, हा नियम मी सर्वांत कडक ठेवते, आणि पहिले तीन महिने पोटरीला ताण देणारा व्यायाम देत नाही. डॉक्टरांनी दिलेले १९० आणि ३७० हे आकडे मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना सांगते, कारण टाचेखालचा तो एक इंचाचा तुकडा काढून टाकला की टाक्यावरचा भार जवळपास दुप्पट होतो, हे एकदा आकड्यात कळले की लोक तो तुकडा हरवत नाहीत.

परंतु हे सर्व तक्ते ज्या देशांत तयार झाले, तिथे माणूस खुर्चीवर बसतो. आपल्याकडे उकिडवे बसावे लागते. उकिडव्या बसण्यात पाऊल काटकोनाच्या पुष्कळ वर जाते, आणि शौचालयात ते दिवसातून दोनदा तरी होते. माझ्या एका रुग्णाने सहा आठवडे बूट इमानाने वापरला, पण न्हाणीघरात तो काढून उकिडवा बसत असे, आणि हे त्याने मला सांगितले नाही कारण मी ते विचारलेच नव्हते. आता पहिल्याच भेटीत शौचालयाची पद्धत, घराच्या जांभ्याच्या पायऱ्यांची उंची आणि वाटेवर वाळू आहे का, हे विचारते. वाळूत टाच खाली रुतते आणि चवडा वर राहतो, त्यामुळे उंचवट्याचा फायदा तिथे उरत नाही. पावसाळ्यात बुटाच्या आतले अस्तर दिवस दिवस वाळत नाही. टाचेवरची कातडी पातळ आणि रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे ओलाव्याने जखमेची कड पांढरी पडते. दोन अस्तरे घेऊन ती आलटून पालटून वापरावीत.

डॉक्टर, मला एक विचारायचे आहे. मुख्य टाक्याभोवती कडेने जो बारीक टाका घालतात, त्याचा उपयोग आकड्यांत दिसतो का?

---

प्रतिसाद : किनारी अस्थिवैद्य

दिसतो, ताई. कंडरेच्या पृष्ठभागावरून बारीक धाग्याने फुलीसारखा फिरवलेला हा टाका अंतिम ताकदीत थोडीच भर घालतो असे वाटेल, पण फट पडू न देण्याच्या बाबतीत तो फार प्रभावी ठरल्याचे प्रयोग सांगतात, आणि आपल्याला हवे आहे ते तेच. त्याची किंमतही आहे. कंडरेवरचे पातळ आवरण जास्त हाताळले जाते, आणि कंडरेला रक्त मुख्यतः त्या आवरणाकडून मिळते. म्हणून मी तो घालतो, पण फक्त पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेने चार-पाच फुल्या, आवळून नव्हे, आणि शेवटी आवरण काळजीपूर्वक बंद करतो. न्हाणीघराचा प्रश्न मीही आजवर विचारलेला नव्हता. उद्यापासून विचारेन.

---

प्रतिसाद : गुहागरची वाट

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी मुलांबरोबर कबड्डी खेळताना माझी शीर तुटली. जवळच्या एका दवाखान्यात मुरगळले आहे असे सांगून चिकटपट्टी बांधली गेली, कारण मी पाऊल थोडे खाली दाबू शकत होतो. सात आठवडे त्यात गेले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पालथे झोपवून पोटरी दाबली आणि एका मिनिटात निदान केले. तोवर वरचे टोक इतके आत ओढले गेले होते की दोन्ही टोके जुळेनात, आणि अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा तिथे आणून बसवावी लागली. अशा उशिराच्या रुग्णांत या टाक्यांच्या आकड्यांना काही अर्थ उरतो का?

---

प्रतिसाद : किनारी अस्थिवैद्य

गुरुजी, वाचून वाईट वाटले. बोटे वाकवणारे स्नायू आणि आतल्या घोट्यामागून जाणारा स्नायू पाऊल खाली दाबू शकतात, म्हणून ‘पाऊल हलते, त्या अर्थी शीर शाबूत’ हा तर्क चुकीचा आहे. ज्यांना येथून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल त्यांनी पोटरी दाबण्याची ती तपासणी लक्षात ठेवावी.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की ताज्या जोडात दोन टोके सैलपणे एकत्र येतात आणि टाक्याला फक्त बाहेरचा भार पेलावा लागतो. उशिरा केलेल्या जोडात आखडलेला स्नायू टाक्याला रात्रंदिवस ओढत असतो. तो ताण कोणत्याही तक्त्यात धरलेला नसतो.

---

प्रतिसाद : खाडीपलीकडचा

मीही अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मुळात शिवायलाच हवे का? २०१० सालच्या कॅनडातील १४४ रुग्णांच्या अभ्यासात लवकर हालचाल देण्याची पद्धत दोन्ही गटांत सारखी ठेवली, तेव्हा पुन्हा तुटण्याचे प्रसंग शस्त्रक्रियेच्या गटात दोन आणि बिनशस्त्रक्रियेच्या गटात तीन होते. २०२२ साली नॉर्वेतून ५२६ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात पुन्हा तुटण्याचे प्रमाण बिनशस्त्रक्रियेच्या गटात ६.२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या दोन्ही (मोठ्या छेदाच्या आणि छोट्या छेदाच्या) गटांत ०.६ टक्के होते. परंतु वर्षभरानंतर रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत तिन्ही गट सारखेच ठरले. मज्जातंतूला इजा छोट्या छेदाच्या गटात ५.२, मोठ्या छेदाच्या गटात २.८ आणि बिनशस्त्रक्रियेच्या गटात ०.६ टक्के. टाक्यांच्या न्यूटनमोजणीत आपण इतके गुंततो की हा प्रश्न बाजूला पडतो.

---

प्रतिसाद : किनारी अस्थिवैद्य

मुद्दा पूर्ण मान्य आहे, आणि हे सर्व आकडे मी रुग्णापुढे ठेवले होते. त्याने सांगितले की रापणीत उभे राहायचे तर एकाच पायावर पूर्ण जोर लागतो आणि पुन्हा तुटण्याची सहा टक्के शक्यता त्याच्या पोटाला परवडणारी नाही. बिनशस्त्रक्रियेचे उपचार यशस्वी व्हायचे तर पहिल्या दिवसांपासून योग्य बूट आणि वारंवार देखरेख लागते. त्याच्या वाडीतून आमच्यापर्यंत यायला दोन बस बदलाव्या लागतात, हेही आम्ही दोघांनी धरले. छोट्या छेदाची पद्धत मी टाळली. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने जाणारा मज्जातंतू तिथे धोक्यात येतो, आणि वारंवार भाराच्या प्रयोगांत सुरुवातीच्या हेलकाव्यांत ती पद्धत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त लांबल्याचे दिसले आहे.

काल शस्त्रक्रिया झाली. न विरघळणाऱ्या जाड धाग्याने, फटीतून चार पदर जातील असा क्रॅकोचा सुधारित प्रकार घातला, प्रत्येक टोकात तीनच फासे घेतले आणि प्रत्येक फाशानंतर सहायकाने धागा ताणून धरला. गाठी दूर मारल्या. गाठ बांधण्यापूर्वी दोन्ही पाय निर्जंतुक कापडाबाहेर ठेवून, पालथ्या स्थितीत गुडघे वाकवून, निरोगी पाऊल आपोआप किती खाली लोंबते ते पाहिले आणि शिवलेले पाऊल त्याहून किंचित जास्त खाली ठेवले, कारण थोडे लांबणे होणारच आहे.

---

प्रतिसाद : रापणीचा दोर

तो आमच्याच बाजूचा पोरगा असणार, नाव विचारत नाही. दोराला परत कधी येईल तेवढे सांगा.

---

प्रतिसाद : किनारी अस्थिवैद्य

काका, या हंगामात नाही. आता मार्गशीर्ष आहे. सहा महिन्यांनी शिवलेल्या एकाच पायाच्या चवड्यावर उभा राहून टाच किती उचलता येते आणि किती वेळा, हे मोजू, आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहू. ते जुळले तर नारळी पौर्णिमेनंतर पहिली रापण लागेल तेव्हा तो दोराच्या शेवटच्या टोकाला, गुंडाळी करणाऱ्यांत उभा राहील. पुढे ओढायला उभे राहण्याचा निर्णय त्यानंतर पुन्हा तपासूनच घेऊ. तोवर त्याला ओल्या वाळूत उतरू देऊ नका.